फर्स्ट एमबीबीएसला नवीन आलाय? हॉल, हाडं, जर्नल आणि टेबलावरची माणसं

अभिनंदन वगैरे सगळ्यांनी केलंच असेल, गल्लीत फ्लेक्स लागला असेल, क्लासवाल्यांनी फोटो छापला असेल, ते झालं. मी सरकारी कॉलेजातून एमबीबीएस केलं, आता इंटर्नशिप चालू आहे, आणि दरवर्षी कॅप राउंडच्या (प्रवेशाच्या फेऱ्यांच्या) याद्या लागल्या की गावाकडून कुणाच्या तरी मावसभावाचा फोन येतो की ताई काय काय घेऊ, कुठली पुस्तकं, लॅपटॉप लागतो का. तेच तेच सांगून तोंड दुखलं म्हणून एकदाच लिहून ठेवतेय. हे फक्त फर्स्ट इयरचं आहे, म्हणजे अ‍ॅनाटॉमी (शरीराची रचना), फिजिऑलॉजी (शरीराचं काम), बायोकेमिस्ट्री (शरीरातलं रसायनशास्त्र), जिथे पेशंट फारसा दिसतच नाही आणि तरी घरचे तुम्हाला डॉक्टर म्हणायला लागलेले असतात.

पायरी १: काही विकत घेऊ नका

खरंच सांगते. पहिल्या आठवड्यात लागतं ते एवढंच: पूर्ण बाह्यांचे दोन अ‍ॅप्रन, कुलूप, बादली, एक्स्टेन्शन बोर्ड (तीन जणांच्या रूममध्ये एकच सॉकेट चालू असतो आणि तो नेमका दाराजवळ), सगळ्या डॉक्युमेंटच्या झेरॉक्सचे चार-पाच सेट आणि पासपोर्ट फोटो दोन डझन, कारण अ‍ॅडमिशन सेक्शन, हॉस्टेल, लायब्ररी, प्रत्येकाला तोच फोटो वेगळा वेगळा हवा असतो. पुस्तकं महिनाभर लायब्ररीतली वापरा, सीनियरकडची चाळा, मग ठरवा. मी पहिल्याच रविवारी बाबांना घेऊन दुकानात गेले आणि फिजिऑलॉजीचं सगळ्यात जाड पुस्तक घेतलं, वर्षभर त्याखाली हिस्टॉलॉजीची (सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या पेशी-ऊतींची) चित्रं सपाट व्हायला ठेवत होते, वाचलं दुसरंच.

सुरुवातीला फाउंडेशन कोर्स असतो, कम्युनिकेशन, खेळ, फर्स्ट एड असलं काय काय. पोरं तो कट मारतात. मारू नका, अभ्यासासाठी नाही म्हणत मी, तेवढ्याच दिवसांत लोक एकमेकांशी रिकामपणी बोलतात, एकदा डिसेक्शन हॉल (शवविच्छेदनाचे तास) सुरू झाला की जो तो आपल्या आपल्या कोपऱ्यात जातो.

पायरी २: तुमचा रोल नंबर पाठ करा, आणि आजूबाजूचे दहा पण

हे कुणी सांगत नाही. डिसेक्शनचं टेबल, फिजिऑलॉजीची बॅच, बायोकेमचं बाकडं, व्हायवाची (तोंडी परीक्षेची) रांग, सगळं रोल नंबरनी ठरतं. तुम्ही मित्र निवडाल रूमवरचे आणि मेसमधले, पण दिवसातले सहा-सात तास तुमच्याबरोबर असणार ते रोल नंबरवाले, ज्यांना तुम्ही निवडलेलं नाही. आमच्या टेबलावर एक लातूरची होती जी नीटच्या तयारीत दोन वर्षं पहाटे चारला उठायची आणि ती सवय तिची काही गेली नाही, एक राजस्थानातल्या कोटा शहराहून आलेला ज्याला सगळं पाठ पण हातात फोर्सेप्स दिला की थरथर, एक नांदेडकडचा मराठी मीडियमचा जो पहिले दोन महिने फक्त हं आणि नाही म्हणायचा, आणि एक ऑल इंडिया कोट्यातली केरळची, तिला मराठीतला पहिला शब्द आला तो ‘सबमिशन झालं का’. शब्द नाही, वाक्य, असो. या चौघांशिवाय मी पास झाले नसते हे मी शपथेवर सांगू शकते.

पायरी ३: हॉलमध्ये जायच्या आधी खाऊन जा

डिसेक्शन हॉलची भीती सगळ्यांना असते, जो नाही म्हणतो त्याला जास्त असते. पहिल्या दिवशी बहुतेक ठिकाणी कडॅव्हरिक ओथ असते, सगळे उभे राहून शपथ घेतात की या देहाचा मान राखू. टेबलावरचा माणूस बऱ्याचदा देहदानातून आलेला असतो, काही वेळा बेवारस मृतदेह कायद्याने कॉलेजला दिलेला असतो, आपल्याकडे यासाठी १९४९ चा अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्ट आहे. फोटो काढायचा नाही, टोपणनाव ठेवायचं नाही, हसणं आपलं आपल्यात आणि टेबलापासून लांब. १८३६ मध्ये कलकत्ता मेडिकल कॉलेजच्या मधुसूदन गुप्तांनी आधुनिक काळात भारतीयांमध्ये पहिल्यांदा शवविच्छेदन केलं तेव्हा ती केवढी मोठी गोष्ट होती, आपल्याला तर ते टाइमटेबलमध्ये मिळतं.

आता प्रॅक्टिकल गोष्टी. उपाशी जाऊ नका, उलटी होईल म्हणून नाश्ता न करणारेच आधी खाली पडतात. गुडघे ताठ करून एका जागी उभं राहू नका. डोळ्यांपुढे अंधारी आली, कानात सूंऽ झालं, घाम फुटला की ताबडतोब स्टूलवर नाहीतर सरळ जमिनीवर बसा, लाजू नका, कारण पुढच्या पाच सेकंदांत तुम्ही तसेही जमिनीवरच जाणार आहात, फक्त डोकं आपटून. असं का होतं ते काही महिन्यांनी फिजिऑलॉजीत येईलच, ठोके मंदावतात, रक्तवाहिन्या सैल पडतात आणि मेंदूपर्यंत रक्त कमी पोचतं, म्हणून पडलेल्याला उठवून बसवायचं नाही, आडवं ठेवून पाय वर करायचे. आमचा कोट्यावाला पहिल्या दिवशी असाच गेला, हॉलमधल्या मामांनी (तिथल्या शिपायांनी) शांतपणे त्याचे पाय स्टूलवर ठेवले, अंगावरून एक वर्तमानपत्र हलवलं आणि म्हणाले, दर वर्षी एक जातोच, यंदा लवकर उरकलं.

फॉर्मलिननी (देह टिकवायच्या रसायनानी) डोळे चुरचुरतात, कॉन्टॅक्ट लेन्स घालू नका, चष्मा घाला, केस बांधा, ग्लोव्ह्ज दोन जोड ठेवा. हॉलचा अ‍ॅप्रन वेगळा ठेवा आणि वेगळा धुवा, एकदा मी तो रूममेटच्या कपड्यांबरोबर भिजवला तर तिने चार दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं. आणि हो, हॉलमधून बाहेर पडल्यावर मरणाची भूक लागते, का लागते माहीत नाही, पण अडीच वाजता मेसमध्ये सगळ्यात जास्त पोळ्या फर्स्ट इयरच खातं.

मामा आणि मावशींशी नीट वागा. हे संस्कार म्हणून नाही सांगत, कुठल्या टेबलावरची नर्व्ह शाबूत आहे, कुठल्या ट्रेमध्ये चांगलं हार्ट आहे, कुठले सर आज चिडलेत, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

पायरी ४: हाडं

बोन सेट विकत घ्यायच्या फंदात पडू नका. डिपार्टमेंटमधून बघायला मिळतात, काही कॉलेजात कार्डावर इश्यू करतात, नाहीतर सीनियरकडून फिरत येतो. माझा सेट आला तो एका साडीच्या दुकानाच्या कापडी पिशवीत, आतून मार्करनी आधीच्या सहा जणांची आद्याक्षरं आणि त्यांची बॅच, आणि एक चिठ्ठी: ‘स्कॅपुला सांभाळून, पातळ आहे.’

हाड हातात घेतलं की पहिला प्रश्न एकच, साइड कोणती. डावं की उजवं. पाठ करून उपयोग नाही, आपल्याच अंगाला लावून बघायचं. उदाहरणार्थ क्लॅव्हिकल (गळ्याखालचं आडवं हाड) घ्या. जाड टोक छातीच्या मधल्या बाजूला, चपटं टोक खांद्याकडे, जाड टोकाकडचा फुगवटा पुढे, आणि खोबण खाली. या गोष्टी जुळल्या की ते फक्त एकाच खांद्यावर बसतं. मी पहिल्या व्हायवात तीन जुळवल्या आणि खोबण वर ठेवली, आत्मविश्वासाने राइट म्हणाले, सरांनी काही न बोलता ते माझ्या हातात उलटं केलं आणि पुढच्याला बोलावलं. ती खोबण मी आता मरेपर्यंत विसरणार नाही.

मनगटाची आठ हाडं क्रमाने लक्षात ठेवायला इंग्रजीत बऱ्याच ओळी आहेत, बहुतेक चावट, नांदेडकराला त्या कळायच्याच नाहीत. त्याने स्वतःची केली: ‘सकाळी लवकर टेबलावर पोहे, त्यात ताजा कांदा हवा.’ स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रल, पिसिफॉर्म, मग खालची ओळ ट्रॅपेझियम, ट्रॅपेझॉइड, कॅपिटेट, हॅमेट, अंगठ्याकडून करंगळीकडे. अख्ख्या बॅचने हीच वापरली, केरळवालीने सुद्धा, तिला पोहे आवडत नसून.

फिब्युलाचं (पोटरीतल्या बारीक हाडाचं) मात्र काही खरं नाही. वर्षभर मी माझ्या सेटमधल्या दोन फिब्युला घेऊन बसायचे, एक डावी यायची, मग दुसरी उजवी असणार म्हणून ती कशीतरी फिरवून उजवी करायचे. खालच्या टोकाजवळचा खड्डा मागे यायला पाहिजे, तो माझ्याकडे पुढे यायचा, आणि मी समजायचे की मलाच येत नाही. परीक्षेच्या आठ दिवस आधी लातूरवालीने पहाटे साडेचारला दोन्ही शेजारी ठेवल्या आणि म्हणाली, अगं या दोन्ही डाव्याच आहेत.

पायरी ५: एकमेकांना टोचा

फिजिऑलॉजीच्या प्रॅक्टिकलला रक्त लागतं आणि ते तुमचंच लागतं. स्वतःच्या बोटाला लॅन्सेट (टोचायची सुई) लावायची हिंमत पहिल्यांदा होत नाही, हात बरोबर शेवटच्या क्षणी मागे येतो, म्हणून जोडीदाराकडून टोचून घ्यायचं, लॅन्सेट अर्थातच प्रत्येकाची नवीन आणि वापरली की लगेच शार्पच्या डब्यात. बोट आधी कोमट करा, हात खाली सोडून झटका, स्पिरिट वाळू द्या, आणि हळूबाई टोचू नका, हळू टोचलं की रक्त येत नाही आणि तीनदा टोचावं लागतं. डाव्या हाताची अनामिका घ्या, उजव्या हाताने लिहायचं असतं.

साहलीच्या पद्धतीने हिमोग्लोबिन काढताना ट्यूबमध्ये आधी अ‍ॅसिड, मग पिपेटच्या वीसच्या खुणेपर्यंत रक्त, दहा मिनिटं थांबा आणि मग डिस्टिल्ड वॉटर थेंब थेंब. सगळे घाई करतात, एकदम ओततात, रंग खुणेच्या काचेपेक्षा फिका होतो आणि मग परत बोट. माझं पहिलं रीडिंग सात आलं, मॅडमनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, चालत आलीस का? शेजारच्या बाकड्यावर सगळ्यांचं १४ आलं होतं, सगळ्यांचं, मुला-मुलींचं सारखंच, कारण पहिल्या पोराचं १४ होतं आणि बाकीच्यांनी बघून लिहिलं. तसलं करू नका, लगेच कळतं.

आरबीसी (लाल पेशी मोजायच्या) पिपेटमधला मणी लाल, डब्ल्यूबीसीचा (पांढऱ्या पेशींचा) पांढरा, गडबडीत उलट उचलला की पूर्ण तास वाया. रक्त पिपेटमध्ये गोठलं तर लपवून ठेवू नका, लगेच मामांना द्या, नाहीतर ब्रेकेजमध्ये पैसे कापतात. बाकी ब्लडप्रेशर, नी जर्क वगैरे एकमेकांवरच करायचं असतं, ज्याचा जर्क चांगला येतो त्याला परीक्षेपर्यंत कुणी गुडघ्याने सुखाने बसू देत नाही.

बायोकेमबद्दल जास्त काही नाही. शरीरातल्या रासायनिक क्रियांच्या सायकलींचे तक्ते बाथरूमच्या दाराला आतून चिकटवा, रोज दिसतात. बेनेडिक्टला (साखर तपासायच्या टेस्टला) विटकरी रंग आला की खूश व्हायचं.

पायरी ६: जर्नल, सही, अटेंडन्स

हा खरा अभ्यासक्रम आहे असं मला कधी कधी वाटतं. थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते, आणि जर्नल-लॉगबुक पूर्ण नसेल तर परीक्षेच्या तोंडावर पळापळ ठरलेली. जर्नल त्याच आठवड्यात पूर्ण करा आणि त्याच आठवड्यात सही घ्या. पुढच्या आठवड्यात घेऊ म्हटलं की सर लीव्हवर, मग मॅडम परीक्षेला एक्झामिनर म्हणून बाहेरगावी, मग सर आले तर ते म्हणतात हे प्रॅक्टिकल मी घेतलंच नव्हतं. आमच्या बॅचला एका सहीसाठी अकरा दिवस एका दाराबाहेर उभं राहायला लागलं, तिथेच जमिनीवर बसून आम्ही ब्रेकियल प्लेक्सस (हाताच्या नर्व्हचं जाळं) पाठ केला, सी पाच ते टी एक, पाठीवर बोटाने काढून दाखवायचा आणि समोरच्याने ओळखायचं. हे अजून कुठे शिकवत नाहीत.

हिस्टॉलॉजीला गुलाबी आणि जांभळी पेन्सिल लागते, दोन-दोन घ्या, गुलाबी लवकर संपते आणि सबमिशनच्या आदल्या रात्री पूर्ण हॉस्टेलमध्ये एकसुद्धा सापडत नाही. आणि स्लाइड ओळखायची ती आतल्या पेशींवरून, काचेच्या कोपऱ्याला तडा आहे म्हणून ही स्प्लीन असं पाठ करू नका, कारण परीक्षेला तडा गेलेली स्लाइड थायरॉइडची निघते. आमच्यात चौदा जणांनी एकसारखं चुकवलं, त्यावरूनच सरांना सगळं कळलं.

पायरी ७: व्हायवा आणि इंग्रजी

ज्यांचं मराठी मीडियम आहे त्यांच्यासाठी हे. पहिले तीन-चार महिने अवघड जातात, नंतर जात नाहीत, कारण इथले निम्मे शब्द लॅटिन-ग्रीक आहेत, ते कॉन्व्हेंटवाल्यांनाही नवीनच असतात. अडतं ते शब्दांवर नाही, वाक्य जोडण्यावर. त्यावर उपाय एकच, रोज रात्री एक प्रश्न टेबलावरच्या कुणाला तरी मोठ्याने सांगायचा, चुकत चुकत. नांदेडकर रोज जेवणानंतर केरळवालीला सांगायचा, तिला मराठी येत नव्हतं म्हणून त्याला इंग्रजीशिवाय गत्यंतर नव्हतं. व्हायवात येत नसेल तर ‘सॉरी सर, आठवत नाही’ म्हणा आणि पुढचा प्रश्न घ्या, शांत उभं राहिलं की सर तोच प्रश्न पाच मिनिटं पिळतात.

आणि याची दुसरी बाजूही बघा. कम्युनिटी मेडिसिनवाले फॅमिली अ‍ॅडॉप्शनसाठी गावात नेतात, प्रत्येकाला काही घरं दिलेली असतात, वजनं घ्यायची, काय खाता-पिता विचारायचं. पहिल्या घरी आमच्या कोट्यावाल्याने आजींना विचारलं, आपल्याला मधुमेहाचा पूर्वेतिहास आहे का. आजी त्याच्याकडे बघत राहिल्या. नांदेडकर पुढे झाला, ओट्यावर मांडी घालून बसला आणि म्हणाला, आज्जे, साखरंचं काही हाय का गं घरात कुणाला? पुढची पंचवीस मिनिटं आजी थांबल्या नाहीत, सुनेचं बीपी, लेकाची तंबाखू, गुळाचा चहा, सगळं निघालं. त्या दिवसानंतर त्याला कुणी ‘मराठी मीडियम’ म्हणालं नाही आणि गावात जायचं असलं की सगळे त्याच्याच मागे.

पायरी ८: सीनियर

चांगले सीनियर नोट्स देतात, बोन सेट देतात, आजारी पडलात तर कॅज्युअल्टीला घेऊन जातात. ओळख करून घ्या, दादा-ताई म्हणा. पण रात्री रूमवर बोलावून उभं करणं, मोबाइल काढून घेणं, जर्नलं लिहून घेणं, ही ओळख नाही, ही रॅगिंग आहे. महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९९९ चा कायदा आहे, आणि देशभरासाठी अँटी-रॅगिंग हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आहे, नंबर आत्ताच सेव्ह करून टाका. सगळ्यांना सोसावंच लागतं असं सांगणाऱ्याचं ऐकू नका, त्याने सोसलं म्हणून तुमच्या नशिबी ते यायचं काही कारण नाही.

पायरी ९: घरचे

दिवाळीला घरी गेलात की काका ईसीजी पुढे करतील, आत्या गोळ्यांची पट्टी दाखवेल. तुम्हाला तेव्हा हाताच्या सगळ्या नर्व्ह येत असतील आणि सर्दीची गोळी येत नसेल. सरळ सांगा, ते अजून शिकवलं नाही. मी एकदा शायनिंग मारायला चुलत्यांचं बीपी बघितलं, १८० आलं, घरात रडारड, तालुक्याला डॉक्टरांकडे नेलं तर १३०, मी जाड स्वेटरच्या बाहीवरूनच कफ बांधला होता. अजून लग्नकार्यात आठवण काढतात.

पायरी १०: उडालात तर

पार्ट कम्प्लिशनला (एकेक भाग संपला की होणाऱ्या कॉलेजच्या परीक्षेला) एकदा तरी सगळेच उडतात, म्हणजे नापास होतात. दहावी-बारावीत पहिला नंबर असलेली दीडशे-दोनशे पोरं एका वर्गात कोंबल्यावर कुणीतरी शेवटचा येणारच, आणि त्याला आयुष्यात पहिल्यांदा शेवटचं आल्यावर काय करायचं हे माहीत नसतं. युनिव्हर्सिटीला एखादा विषय राहिला तर काही आठवड्यांनी सप्ली (पुरवणी परीक्षा) असते, ती निघाली की आपल्याच बॅचबरोबर पुढे जाता येतं, ती राहिली तर मात्र ज्युनियर बॅचमध्ये, आणि फर्स्ट इयरला एकूण चारच अटेम्प्ट असतात, तेव्हा सप्ली हलक्यात घेऊ नका. माझा फिजिऑलॉजीचा राहिला होता. मी दोन दिवस खोलीचं दार उघडलं नाही, तिसऱ्या दिवशी टेबलावरचे चौघं दाराबाहेर येऊन बसले, उघड म्हणाले नाहीत, बाहेर बसून मोठमोठ्याने कार्डियाक सायकल चुकीची सांगत राहिले, मुद्दाम, सिस्टोलच्या (हृदय आकसण्याच्या) जागी डायस्टोल (हृदय सैल पडणं). वीस मिनिटांनी मला सहन झालं नाही आणि मी दार उघडून दुरुस्त केलं.

कुणी जेवायला येणं बंद केलं, झोप उडाली, जगून काय करू असं बोललं, तर मस्करी समजू नका. एकटं सोडू नका, वॉर्डनला किंवा मेंटॉर टीचरना सांगा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो. आपल्याच कॉलेजात सायकियाट्री ओपीडी असते, तिथे जायला पोरांना उगाच लाज वाटते.

शेवटची पायरी: सेट पुढे द्या

रिझल्ट लागला की आठवड्याभरात नवीन बॅच येते. हाडं मऊ कापडाने पुसा, मोजा, पिशवीत आपलं आद्याक्षर लिहा आणि द्या. मी माझा सेट कोकणातून आलेल्या एका मुलीला दिला, स्कॅपुलाची चिठ्ठी तशीच ठेवली, फिब्युलाचं मुद्दाम सांगितलं नाही, बघू म्हटलं किती महिने लागतात. तिसऱ्या दिवशी रात्री अकराला दारावर थाप. हातात दोन फिब्युला घेऊन उभी. म्हणाली, ताई, उजवी कुठेय?